गॅस संपत नसतो, भाऊ

तुमसरहून सिहोरामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला येतो आणि बावनथडी ओलांडून मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात शिरतो. या रस्त्यावर मी गाड्यांच्या एसीचे काम करतो. गिऱ्हाईक दोन राज्यांचे, बोली तीन: मराठी, हिंदी आणि पोवारी. तक्रार मात्र तिन्ही बोलींत एकच, ‘गॅस संपला.’ एप्रिल लागला की ही ओरड सुरू होते, नवतप्यात दुकानासमोर रांग लागते आणि पहिला पाऊस पडला की सगळे विसरतात. या धंद्यात जे कळत गेले ते लिहितो आहे. मिस्त्री लोकांना यातले बरेच ठाऊक असते, तेव्हा हे मुख्यतः गाडीमालकांसाठी.

१. गॅस संपत नसतो, गळतो

पेट्रोल जळते म्हणून संपते. एसीतला गॅस जळत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो. दाबलेला तापलेला गॅस समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. बारीक व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो गार पडतो. मग डॅशबोर्डामागच्या कुलिंग कॉइलमध्ये गाडीतल्या हवेची उष्णता उचलून त्याची वाफ होते आणि ती पुन्हा कंप्रेसरकडे जाते. सगळा बंद फेरा आहे. लहान गाडीत हा माल असतो जेमतेम ४०० ते ५५० ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो कधी वाचून बघा.

रबरी पाइपांतून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो, ते खरे. सात-आठ वर्षांच्या गाडीत थोडा माल कमी निघाला तर मी काही म्हणत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर कुठेतरी छिद्र आहे. दर मार्चला गॅस भरून घेणारी मंडळी त्याला ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात. मी त्याला भाडे म्हणतो. छिद्राचे भाडे.

२. पाना उचलण्याआधी मालकाला बोलू द्या

अर्धे निदान गाडीमालकाच्या तोंडून होते. अट एकच, त्याला ‘गॅस टाक’ या दोन शब्दांच्या पुढे आणले पाहिजे. मी विचारतो ते असे.

गाडी उभी असताना गरम आणि रस्त्याला लागली की गार? मग समोरचा पंखा फिरत नसेल किंवा कंडेन्सर तुंबला असेल. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. गॅसचा इथे बहुधा संबंध नसतो.

निघताना मस्त गार, तासाभराने वाराच मंद होत जातो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक? कॉइलवर बर्फ जमतो आहे. बर्फ होऊ नये म्हणून कंप्रेसर वेळेवर बंद करणारा छोटा सेन्सर असतो, तो बिघडला असेल. नाहीतर केबिन फिल्टर मळाने गच्च झाला असेल.

दर दोन-चार सेकंदांनी कंप्रेसर लागतो, सुटतो, लागतो, सुटतो? हे बहुतेक वेळा खरोखर गॅस कमी असल्याचे लक्षण. खड्ड्यात आदळल्यावर बंद आणि पुढच्या खड्ड्यात चालू? तार किंवा कनेक्टर सैल आहे.

नदीपलीकडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. म्हणाले, “भाऊ, घरून तुमसरला येताना एसी एकदम झकास. परत जाताना नुसता भाता. महाराष्ट्राची हवाच गरम का रे?” मी विचारले, “गुरुजी, निघता किती वाजता अन् परतता किती वाजता?” निघायचे सकाळी, परतायचे भर दुपारी. गाडी तशीच अर्धा तास चालू ठेवली. इंजिन नीट तापल्यावर कंप्रेसरच्या तोंडावरची क्लच प्लेट फिरायची थांबली. पुली फिरते आहे, प्लेट गप्प. दोघांत फीलर गेज घातला. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असायला हवी ती फट जवळजवळ एक मिलिमीटर झाली होती. क्लचची कॉइल तापली की तिचे चुंबक दुबळे पडते आणि एवढी फट त्याला ओढवत नाही. मधला नट खोलून प्लेटमागचा कागदासारखा एक वायसर काढला, फट बसली. गॅसला हात लावला नाही. गुरुजींना आधी एकाने गॅस भरून दिला होता आणि दुसऱ्याने नवा कंप्रेसर सुचवला होता. ते बिचारे वाराशिवनीच्या बाजारात कंप्रेसरचा भाव काढून बसले होते.

३. समोरची जाळी आधी बघा

आमच्या पट्ट्यात हे कारण सर्वांत जास्त सापडते आणि सर्वांत कमी तपासले जाते. रस्त्यावर रेतीचे टिप्पर, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतल्या मँगनीजचे ट्रक, राइस मिलांचा उडता कोंडा आणि धान चुरताना हवेत भरणारी तणसाची भुकटी. यातले पुष्कळसे गाडी तोंडाने खाते.

बाहेरून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते. खरा माल असतो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. बंपर काढून एका जीपचे दोन्ही भाग वेगळे केले तेव्हा मधून कोंडा, माती आणि किडे यांची अखंड चादर निघाली. हातात धरली तरी तुटेना. उजेडासमोर धरली तर पलीकडचे काही दिसेना. ती गाडी उन्हाळी धानाच्या हंगामात रोज मिलवर जायची. मालक म्हणायचा, तीन वेळा गॅस टाकला. आता इतका जास्त गॅस आत होता की दाब वाढून कंप्रेसर स्वतःच कट होत होता.

धुण्याचीही रीत आहे. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडायचे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की ॲल्युमिनियमच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद. साधी बागेची नळी, मऊ ब्रश आणि थोडा धीर, एवढे पुरते.

४. गेज खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलते

निळा आणि लाल असे दोन काटे बघून मान डोलावणारे मिस्त्री पुष्कळ. आधी हे समजून घ्या की इंजिन बंद असताना दिसणारा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही, बाहेर ऊन किती आहे ते सांगतो. नेहमीचा आर-१३४ए गॅस असेल तर ३५ अंशांना तो सुमारे ११५ पीएसआय दिसेल आणि ४५ अंशांना दीडशेच्या वर. आत २०० ग्रॅम असो की ५००, जोवर आत थोडा पातळ गॅस शिल्लक आहे तोवर काटा तोच. त्यामुळे बंद गाडीला गेज लावून ‘गॅस फुल आहे’ किंवा ‘कमी आहे’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी.

इंजिन चालू केल्यावर काटे कामाचे. इथेही एक गोम आहे. कंपनीच्या पुस्तकातले आकडे बहुधा ३०-३५ अंशांच्या हवेत घेतलेले असतात: कमी दाबाच्या (निळ्या) बाजूला ३० ते ४०, जास्त दाबाच्या (लाल) बाजूला दोनशे ते अडीचशे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत तीच निरोगी गाडी जास्त बाजूला तीनशेच्या आसपास दाखवते. ते पाहून घाबरून गॅस काढायचा नसतो. उलट, पुस्तकातला आकडा गाठायचा म्हणून दुपारी गॅस काढला तर पावसाळ्यात ती गाडी गार होणार नाही.

दोन्ही काटे पडलेले असतील तर गॅस कमी. दोन्ही चढलेले असतील तर गॅस जास्त, किंवा आत हवा शिरली, किंवा जाळी तुंबली. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू पडलेली, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकले, तर कंप्रेसर म्हातारा झाला. कमी बाजूचा काटा शून्याखाली ओढला जात असेल तर व्हॉल्व्ह किंवा ओल शोषणारा ड्रायर तुंबला. एवढे चार मेळ ध्यानात ठेवले तरी निम्मी फसवणूक टळते.

५. गळती शोधायची ती नजरेने

गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही आत फिरत असते. गॅस दिसत नाही, तेल दिसते. म्हणून जिथे सांधा ओला आणि ओल्यावर धूळ चिकटून काळपट झालेली, तिथे आधी बोट ठेवायचे. पाइपाची लोखंडी टोपी रबराला दाबून बसवलेली असते ती जागा, कंडेन्सरचा खालचा कोपरा जिथे खडा लागतो, कंप्रेसरच्या शाफ्टचे सील. नंतर साबणाचा फेस. सर्वांत साधी गळती असते गॅस भरायच्या तोंडातल्या पिनेत. गाडीच्या टायरच्या व्हॉल्व्हसारखीच ती चीज आहे. ती पाच मिनिटांत बदलते. वरचे प्लास्टिकचे टोपण हरवले असेल तर ते आजच आणून लावा. ते शोभेला दिलेले नसते.

फेसाने काही सापडले नाही तर नायट्रोजनचा दाब भरून ठेवायचा आणि काटा उतरतो का ते बघायचे. नायट्रोजन कोरडा असतो. काही दुकानांत टायरच्या कंप्रेसरची हवा भरून ‘टेस्ट’ करतात. त्या हवेतले पाणी आत जाते आणि पुढच्या दुखण्याचे बी तिथेच पडते. तेलात मिसळणारा हिरवा चमकणारा रंग आणि निळा दिवा ही युक्तीही चांगली, फक्त घाई असलेल्यांसाठी नाही. रंग घालून आठवडाभर गाडी चालवावी लागते.

कुलिंग कॉइल गळत असेल तर ती डॅशबोर्डाच्या पोटात. तिथे नजर पोचत नाही. गाडीखाली पाणी पडते त्या बारीक नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरतो. तिथे वाजला तर कॉइलच. ही नळी चिखलाने बुजली की पाणी शेजारी बसलेल्याच्या पायाशी साचते, आणि लोक त्यालाही लिकेजच म्हणतात. लिकेज खरे, पण पाण्याचे, नळी फुंकली की झाले.

६. व्हॅक्यूमसाठी अर्धा तास द्या, वजनकाटा मागा

सिस्टीम उघडली की आत हवा आणि ओल जाते. ओल सर्वांत वाईट. ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, तेलात मिसळून आंबट होते, आतून धातू खाते. कंप्रेसरचे पॅग तेल तर उघड्या डब्यात हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून उघडा पडलेला तेलाचा डबा वापरू देऊ नका.

ओल काढायचा उपाय म्हणजे व्हॅक्यूम पंप. दाब पुरेसा उतरवला की पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळते आणि वाफ होऊन पंपातून बाहेर जाते. आमचा भाग समुद्रसपाटीपासून अडीचशे-पावणेतीनशे मीटर उंच, म्हणून इथे काटा २८ इंचांच्या थोडा पुढे गेला की काम झाले. पुस्तकातले ३० इंच इथे दिसणार नाहीत. उन्हाळ्यात पाणी लवकर उडते, डिसेंबरात पंप जास्त वेळ चालवावा लागतो. पंप बंद करून काटा दहा मिनिटे जागचा हलला नाही, तरच गॅस.

आणि गॅस वजन करून. अंदाजे भरून ‘पाइप थंड लागला, बस’ म्हणायचे दिवस गेले. नव्या गाड्यांत माल इतका बेताचा असतो की ५०-६० ग्रॅमची चूकही जाणवते. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो, हे लोकांना शेवटपर्यंत पटत नाही.

७. कोणता गॅस, हे विचारायला लाजू नका

जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर हटवला गेला. भारतात २०१० पर्यंत तो बंद झाला. त्याच्या जागी आला आर-१३४ए. तो ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट जोरकस आहे. हिशेब करून बघा: ४५० ग्रॅम गॅस हवेत सोडला तर पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढे होते. तरी खोलताना फुस्स करून सोडून देणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत. गॅस परत ओढून घेणारे मशीन महाग आहे, हे मान्य. पण दुकान चालवायचे तर आता ते घ्यावेच लागेल. २०१६ च्या किगाली करारात भारत आहे आणि २०३२ पासून हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. आज उधळला तो उद्या महागच मिळणार. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. त्याची तोंडे वेगळी, भाव कितीतरी पट. त्यात जुना गॅस कोंबू नये.

खरी भीती वेगळीच आहे. स्वस्त डब्यांत भेसळ असते आणि काही जण चक्क स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस मिसळतात. गार करतो, हेही खरे. पण कॉइल गळली तर तो काचा बंद असलेल्या गाडीत भरतो, आणि कुणीतरी विडी पेटवतो. स्वस्तात गॅस देणाऱ्या माणसाला डबा दाखवायला सांगा.

८. उंदीर

धानाचा मुलूख, घरात कोठ्या, अंगणात गाडी. उंदीर केबिन फिल्टरच्या डबीत घर करतो आणि प्रेशर स्विचची तार कुरतडतो. एसी अचानक पूर्ण बंद, गॅस भरपूर, फ्यूज ठीक, तेव्हा मी टॉर्च घेऊन तारा बघतो. ग्लव्हबॉक्समागचा फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी काढून झटका. बहुतेक गाड्यांत स्क्रूही लागत नाही.

९. हिवाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटे

आमच्याकडे दिवाळीनंतर थंडी बरी पडते आणि चार महिने कोणी एसीचे बटन दाबत नाही. कंप्रेसरच्या शाफ्टचे सील तेलाने ओले राहिले तरच घट्ट बसते. महिनोन्‌महिने बंद राहिले की ते सुकते आणि गॅस तिथून निघून जातो. म्हणून थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा. मार्चमध्ये ‘काहीच केले नाही तरी बिघडला’ म्हणत येणाऱ्यांना मी हेच सांगतो: काहीच केले नाही म्हणूनच.

१०. बटनांचीही अक्कल लागते

उन्हात उभ्या गाडीत साठ अंशांच्या वर भट्टी पेटलेली असते. आधी चारही काचा उघडून मिनिट-दोन मिनिटे गाडी चालवा, भपका निघू द्या. मग काचा लावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटन दाबा. बाहेरची ४५ अंशांची हवा सतत आत घेऊन ती गार होईल अशी आशा धरणारे कितीतरी जण माझ्याकडे येतात. आतलीच हवा फिरवायला लावतो, डॅशबोर्डावरच्या हवेच्या जाळीत थर्मामीटर खोवतो. भर दुपारी तो १२-१४ अंश दाखवत असेल तर एसी ठणठणीत आहे. माझे दुकान फ्रिजचे नाही, असे मग हसून सांगावे लागते. एक अपवाद: तपमान पूर्ण थंडावर असूनही हवा कोमटच, आणि इंजिनकडचा कमी दाबाचा पाइप मात्र बर्फासारखा. अशा वेळी हीटरचा पडदा अर्धवट उघडा अडकलेला असतो. तिथेही लोक गॅस भरून आलेले असतात.

११. विजेच्या गाडीला आणि ट्रकला

इलेक्ट्रिक गाडीचा कंप्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याचे तेल वीज न वाहणारे वेगळे असते. साध्या गाडीचे तेल थोडे जरी त्यात गेले तरी वीज फुटू शकते. शिवाय पुष्कळ गाड्यांत तोच एसी बॅटरीही गार ठेवतो. शिक्षण आणि सुरक्षेची साधने नसतील तर माझ्यासारख्याने बॉनेट बंद करून नम्रपणे नकार द्यावा. मी देतो.

ट्रकची गोष्ट मला जास्त जवळची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. बपेऱ्याच्या पुलावरून मे महिन्यात मँगनीज नेणाऱ्या ड्रायव्हरच्या पायाशी इंजिन असते आणि डोक्यावर पत्रा. त्याच्या एसीला कोणी चैन म्हणू नये. हे ट्रक जुने व्हायला लागले की त्यांच्या जाळ्या धुवायला, सांधे तपासायला खेड्यापाड्यांत शिकलेली पोरे लागतील. तुमसर-गोंदियाच्या आयटीआयमधून निघणाऱ्या मुलांनी हे काम डोळ्यांसमोर ठेवावे.

गाडीमालकांना एकच विनंती. पुढच्या वेळी एसीचे काम कराल तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: गळती कुठे होती, व्हॅक्यूम किती वेळ दिला आणि गॅस किती ग्रॅम भरला. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडे पैसे ठेवू नका, मग ते दुकान माझे असले तरी.